एक जूनच्या तिघी

आमच्या घरापासून उत्तन रिक्षाने पाऊण तासावर आहे. एवढ्याशा अंतराचं प्रवासवर्णन लिहायला बसले हे पाहून मुलगा म्हणाला, "आई, ते तर आपल्याच महानगरपालिकेत येतं. त्यांचा कचरा आणि आपला कचरा एकाच ठिकाणी जातो." खरं आहे. पण काश्मीरला आठ दिवस जाऊन आले तेव्हा लिहिण्यासारखं काही सापडलं नव्हतं, आणि उत्तनहून दुसऱ्याच दिवशी परतले ती अजून डोकं खाजवतेय. आमचं नक्की कुठे चुकलं, आणि चुकलं ते बरं झालं की वाईट, हे लिहिता लिहिता तरी समजेल म्हणून हा खटाटोप.

आम्ही तिघी. मी सुमन, मुंबईच्या एका प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षं शिकवून नुकतीच मोकळी झालेली. शालिनी भाईंदरला एका बँकेत कॅशियर आहे. कुंदा घर सांभाळते, शिवाय सगळ्या इमारतीचं पंचांगही तिच्याच ताब्यात असतं. मुंबईतल्या खोल्या विकून आम्ही मिरा रोडच्या एकाच इमारतीत आलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं, आणि टँकरच्या रांगेत आमची मैत्री झाली. पुढे सोसायटीचे फॉर्म भरताना लक्षात आलं की तिघींची जन्मतारीख एक, सालही एक. एक जून.

आमच्या पिढीला यात नवल वाटत नाही. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, मुलाला सहा वर्षं पूर्ण दिसली पाहिजेत, म्हणून गुरुजी दाखल्यावर एक जून लिहून मोकळे व्हायचे. खरोखर कधी जन्मलो ते आम्हा तिघींनाही माहीत नाही. म्हणून दरवर्षी एक जूनला आम्ही एकत्र केक कापतो आणि उगाचच हसतो. यंदा तो शनिवारी आला. शालिनीच्या काउंटरवर नेहमी येणाऱ्या मार्थाबाईंच्या घरी उत्तनला दोन खोल्या रिकाम्या होत्या, मुलगे आखातात असतात; तिथेच एक रात्र राहायचं ठरलं. शालिनी त्यांना म्हणाली, "आम्हा तिघींचा वाढदिवस एकाच दिवशी असतो." मार्थाबाईंनी विचारलं, "एकाच सालचा?" शालिनी म्हणाली, "हो, एकाच सालचा." नोटा मोजता मोजता झालेलं एवढंच बोलणं. पुढचं सगळं यातून उगवलं.

शनिवार सकाळ, मुर्ध्याच्या पुढे

भाईंदर पश्चिमेला रिक्षा केली. शालिनीने तिच्या खास हिंदीत भाव ठरवला, "भैया, हम तीन लेडीज है, जास्ती मत बोलो." रिक्षावालाही हिंदीत म्हणाला, रस्ता खराब आहे, येताना सवारी मिळत नाही. वाटेवरच्या मुर्धा गावापर्यंत तिघी त्याच्याशी हिंदी बोलत राहिलो. मी तर त्याला मिठागरांचा इतिहास विचारला, तोही हिंदीतल्या स्त्रीलिंग-पुल्लिंगाची माती करत. मुर्ध्यात एका घरासमोर रिक्षा थांबवून त्याने हाक मारली, "आये, डबा आन गो." मी विचारलं, "अहो, तुम्ही मराठी?" तो म्हणाला, "मग काय, मी हितलाच. तुमी हिंदीत चालू केलं म्हनून मी पन."

उरलेला रस्ता तो सांगत गेला. हे आमचं मिठागर होतं, हे काकाचं होतं, आता इथे भराव पडला, तिथे इमारत येतेय. काही वाफ्यांत अजून पाणी चकाकत होतं आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग होते. मग रस्ता वळला, चढला, आणि सुक्या मासळीचा वास आला. कुंदाने पदर नाकाला लावला. शालिनी मात्र रिक्षातून अर्धी बाहेर झुकून तो वास छातीत भरून घेत होती.

समुद्र पाहायला आम्ही चुकीच्या दिवसांत आलो होतो, हे उतरल्यावर कळलं. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून ठेवायचं काम चाललं होतं. बांबूच्या मांडवांवर उरलेले बोंबील वाळत होते आणि बायका ते घाईघाईने टोपल्यांत भरत होत्या. सगळं गाव कामात असताना आम्ही तिघी कडक इस्त्रीच्या साड्या नेसून आणि हातात पर्स घेऊन वाटेत उभ्या. मला फार कानकोंडं वाटलं.

शनिवार दुपार, मार्थाबाईंचा ओटा

कामात असलेलं ते गाव आमच्यासाठी मात्र थांबलं. मार्थाबाईंच्या ओट्यावर सातआठ बायका आमची वाट बघत होत्या. आम्ही पायऱ्या चढलो तशा त्या गप्प झाल्या आणि आमच्याकडे बघू लागल्या. नुसत्या बघू लागल्या असं नाही, एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे नजर फिरवू लागल्या. मी बुटकी आणि चष्म्याची, शालिनी गोरी आणि गोल, कुंदा सावळी, उंच, काठीसारखी. आमच्यात बघण्यासारखं काय आहे ते मला कळेना.

"मोठी कोन?" एकीने विचारलं.

शालिनीला गंमत करायची खोड आहे. ती म्हणाली, "सगळ्या सारख्याच. कुणीच मोठी नाही आणि कुणीच धाकटी नाही."

बायकांनी माना डोलावल्या. एक जण जवळ येऊन माझा चेहरा न्याहाळत म्हणाली, "तोंड येगळा हाय, पन कान बग. कान सेम हाय तिगींचे." मग सगळ्यांनी आमचे कान पाहिले. कुंदाने माझ्या कानात विचारलं, "इथे पाहुण्यांचे कान बघतात का गं?" मी म्हटलं, असेल पद्धत. आपल्याकडे नाही का नव्या सुनेला चालून दाखवायला लावायचे?

वर खोलीत तीन सारख्या खाटा, तीन सारख्या चादरी, तीन सारखे गुलाबी टॉवेल. जेवायला बोंबलाचं कालवण, तळलेली मांदेली आणि आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, ज्यांना तिथे फुगे म्हणतात. ते इतके हलके होते की मी सहा खाल्ले. कुंदाचा शनिवार, तिने फक्त वरणभात घेतला. मार्थाबाईंना हे काही केल्या पटेना. "तुमी दोगी मासे खाता नि ह्या न्हाय? असं कसं?" मी शनिवार समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "ते ठीक. पन एकीलाच?"

जेवण झाल्यावर एका बाईने माहेर विचारलं. आम्ही एकदमच बोललो. मी सातारा, शालिनी गिरगाव, कुंदा संगमेश्वर. एका म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले. दुसरी पुटपुटली, "वाटून दिल्या असतील बिचाऱ्या." मला वाटलं, त्यांचं काही दुसरं बोलणं चाललं आहे. सत्तावीस वर्षं मुलांच्या डोक्यात प्रकाश पाडणारी मी, पण त्या दुपारी माझ्या स्वतःच्या डोक्यात काही पडत नव्हतं.

चार वाजता केक आला. मार्थाबाईंनी घरीच केलेला, रवा आणि नारळाचा, वर तीन मेणबत्त्या. आता ओट्यावर वीसेक माणसं होती. पुढे खुर्चीवर लाल लुगड्यातली एक अगदी म्हातारी बाई बसवली होती. तिला दोघींनी धरून आणलं होतं. आम्हा तिघींच्या मनगटांना तिने एकेकदा हात लावला, नाडी बघावी तसा, आणि परत हात मांडीवर घेतला.

केक कापण्याआधी मार्थाबाईंनी डोळे मिटले आणि प्रार्थना म्हटली. देवाचे आभार, पाहुण्यांचे आभार, आणि मग, "ह्यांच्या आईला तुझ्याजवळ सुखात ठेव, जिनं एका वेळी तीन पोरी जन्माला घातल्या नि तिन्ही जगवल्या."

माझ्या हातात सुरी होती. मी शालिनीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. कुंदाने डोळे मिटूनच ठेवले होते, ती दुसऱ्यांच्या देवालाही घाबरून असते. तिळ्या. ही सगळी माणसं आम्हाला तिळ्या बहिणी समजून बघायला आली होती. बाप्तिस्म्याची तारीख चर्चच्या वहीत लिहून ठेवणाऱ्या गावाला तीन परक्या बायका एका दिवशी, एका साली जन्मल्या याचा दुसरा अर्थ तरी कसा लागणार? सगळे टाळ्या वाजवत होते. मी केक कापला.

शनिवार संध्याकाळ, किनारा

मार्थाबाईंना बाजूला घेऊन खरं सांगायचं आणि हसून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. त्याच आम्हाला समुद्रावर घेऊन गेल्या. मी सुरुवात करणार तोच त्या म्हणाल्या, "ती लाल लुगड्यातली रोझीमाय, माझी चुलतसासू. गुडघ्यांमुळं वर्षभर घराबाहेर पडली न्हाय. तुमचं ऐकलं नि म्हनाली, मना न्या."

मग त्यांनी सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी रोझीमायला पहिल्या खेपेला तिळ्या मुली झाल्या होत्या. सुईणीनेच पाणी शिंपडून त्यांची नावं ठेवली, फादर पोचेपर्यंत त्या राहतील याचा भरवसा नव्हता. तिन्ही दुसऱ्या दिवशी गेल्या. पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, पण त्या तिघींविषयी ती कधी बोलली नाही. "तिघी एकत्र जगतच न्हाय, असं तिनं मनाला समजावलं होतं," मार्थाबाई म्हणाल्या. "आज तुमाला बघून घरी गेली ती एकदम गप्प हाय." एवढं बोलून त्या बोंबील उचलायला मांडवाकडे गेल्या.

आम्ही वाळूत बसलो. समुद्र ओहोटीला दूर गेला होता आणि चिखलात होड्या तिरक्या कलंडल्या होत्या.

"आता नाही सांगायचं," शालिनी म्हणाली. "म्हातारीला आनंद झालाय. उद्या दुपारी आपण जाणार. आपल्या बापाचं काय जातंय?"

कुंदा म्हणाली, "माझी आई अजून जिवंत आहे संगमेश्वरला. तिला त्यांनी देवाकडे पाठवली. आणि मेलेल्या बाळांच्या जागी आपल्याला बघताहेत. मला नाही बरं वाटत सुमन. सांगून टाक."

आयुष्यभर चुकीच्या उत्तरावर लाल शाईने फुली मारत आले, पण हे उत्तर चूक आहे की बरोबर हे मला ठरवता येईना. शालिनी म्हणते तेही खरं वाटायचं, कुंदा म्हणते तेही. शेवटी शालिनीने आमचा जन्माचा क्रमसुद्धा लावून टाकला, कुणी विचारलं तर आधी ती, मग मी, मग कुंदा. कुंदा म्हणाली, "मी शेवटची का?" आणि आम्ही हसलो. ते हसणं मला आजही आवडत नाही.

रविवार, रोझीमायचं घर

सकाळी चर्चमध्ये मिसाची प्रार्थना झाल्यावर रोझीमायचं बोलावणं आलं. मार्थाबाई बरोबर होत्या. घर लहान, जमीन सारवलेली, भिंतीवर मेरीमातेची तसबीर आणि तिच्यासमोर जळणारी मेणबत्ती. रोझीमायने आम्हाला समोर पाटांवर बसवलं आणि सुक्या बोंबलाची चटणी व भाकरी पुढे केली. रविवार असूनही कुंदाने नुसती भाकरी कुरतडली.

रोझीमाय बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "तुमची आय तुमाला दूद कसा पाजायची? तिगींना पुरायचा?"

शालिनी तयारच होती. "आळीपाळीने," ती म्हणाली. "आणि शेळीचं दूध असायचं वरचं."

"नि थंडी? बारीक असतील ना तुमी?"

"खूप बारीक," शालिनी म्हणाली. तिचं मन लागलं होतं आता त्या गोष्टीत. "आईने आम्हाला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. चुलीजवळ टोपलीत. दिवसरात्र शेकत बसायची म्हणे."

"कापसात," रोझीमाय म्हणाली.

"हो."

"मी कापसात न्हाय ठेवली." तिने मार्थाबाईंकडे पाहिलं. "मना कुनी सांगलाच न्हाय. घरात कापूस होता. उशीत होता. मी फडक्यात ठेवली." मग ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "शेली पन होती दारात."

मला तो क्षण विसरता येत नाही. ती रडली नाही. ती हिशेब लावत होती, पन्नास वर्षांनी, उशी कुठे होती आणि शेळी कुठे बांधली होती याचा. आमच्या गोड खोट्याने तिला सांगितलं होतं की एका आईला जमलं, म्हणजे तुलाही जमलं असतं. शालिनी काही बोलायला गेली, पण मी तिचा हात धरला.

"रोझीमाय, आम्ही तिळ्या नाही," मी म्हटलं. "बहिणीसुद्धा नाही. आमच्या तीन वेगळ्या आया. एकेका वेळी एकेक मूल. कापूस नव्हता, टोपली नव्हती. हिने ते आत्ता रचलं. आम्ही कालच सांगायला हवं होतं."

मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या. "मंग तारीख?"

मी एक जून सांगितला. गुरुजी कसे लिहायचे ते सांगितलं. आणि मग जे मी शालिनी-कुंदाला कधी सांगितलं नव्हतं तेही बोलून गेले, की नोकरीच्या सुरुवातीला मीसुद्धा लिहायचे. बांधकामावरच्या बायका पोरांना घेऊन यायच्या, मागे रांग असायची, त्या आठवू लागायच्या आणि मी घाईत एक जून टाकायचे. थोडं थांबले असते तर एखादीला आठवलंही असतं.

मार्थाबाई म्हणाल्या, "मी अख्ख्या गावाला बोलावलं. चर्चमध्ये सांगलं." त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी माफी मागितली. त्यांनी मान फिरवली.

रोझीमायला मात्र एवढंच जाणून घ्यायचं होतं, "म्हंजे तुमच्या आयनं तिगी न्हाय जगवल्या?"

"नाही."

"कुनीच न्हाय?"

"आमच्या माहितीत कुणीच नाही," मी म्हटलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत आता जगतात, हे मला ठाऊक होतं. ते मी बोलले नाही. खरं सांगायला बसलेली मी तेवढं एक झाकून ठेवलं, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

तिने लांब श्वास सोडला आणि भिंतीला टेकली. मग तिने विचारलं, "मंग तुमचा खरा दीस कवा?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. माझी आई सांगायची, गावात जत्रा होती. शालिनीची सांगायची, धाकट्या काकाचं लग्न ठरलं त्या आठवड्यात. कुंदाला एवढंच माहीत होतं की भात झोडत होते. रोझीमाय ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या पडत होत्या. एवढ्या मोठ्या, शिकलेल्या बायका, घड्याळं घातलेल्या, आणि यांना स्वतःचा दिवस ठाऊक नाही, हे तिला तिळ्यांपेक्षा अचाट वाटत असावं.

"माज्या तिगी एक दीस जगल्या," ती म्हणाली, "पन फादरच्या वहीत दीस लिवलेला हाय. नावं हायत." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमाला दीस न्हाय. त्यांना दीस हाय, पन तो करनारा कोन न्हाय. तुमी घ्या तो."

ही शिक्षा आहे, दान आहे, की म्हातारपणाचं बोलणं? शालिनी माझ्याकडे बघत होती, मी कुंदाकडे. मांजर आडवं गेलं तर घरी परतणारी, सुतकाच्या घरचं पाणी न पिणारी आमची कुंदा. मेलेल्या बाळांचा दिवस आपला म्हणून घ्यायचा, याला ती आत्ता कानांवर हात ठेवील आणि मला तिला सांभाळून बाहेर न्यावं लागेल, असं वाटून मी उठण्याच्या बेतात होते.

कुंदाने समोरची चटणी भाकरीला लावली आणि तो घास तोंडात टाकला. मग तिने विचारलं, "कधी असतो, माय?"

रोझीमायने दिवस सांगितला, महिना सांगितला. कुंदाने तो एकदा म्हणून पाहिला. बरोबर आहे का म्हणून पुन्हा म्हटला. मग पाठ व्हावा म्हणून तिसऱ्यांदा, आणि या वेळी आम्ही दोघींनीही तिच्याबरोबर म्हटला.